गाडीवर नाव, नावेवर गाडी : मच्छीमारी कयाकच्या चाकांचा पूर्वेतिहास

१

‘गाडीवर नाव, नावेवर गाडी’ ही म्हण आपण दैवाच्या फेऱ्याविषयी बोलताना वापरतो. परंतु तिचा वाच्यार्थ घेतला तर तीत नौकानयनाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण साठविलेले आढळते. नौका ही पाण्यातील वस्तू असली तरी तिच्या आयुष्याचा बराच काळ जमिनीवर जातो. आणि जमिनीवरून पाण्यात व पाण्यातून जमिनीवर होणारा तिचा प्रवास हा पाण्यातील प्रवासाहून पुष्कळदा अधिक कष्टाचा असतो.

या भूप्रवासाची काही भव्य उदाहरणे इतिहासग्रंथांतून नमूद आहेत. १४३९ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने आदिजे नदीतून आणलेली आपली जहाजे डोंगर ओलांडून गार्दा सरोवरात उतरविली. १४५३ च्या एप्रिलमध्ये सुलतान दुसरा महंमद याने कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात सुमारे सत्तर जहाजे वंगण लावलेल्या ओंडक्यांवरून ओढून सुवर्णशृंग या खाडीत नेली. तथापि हे राजसत्तेचे पराक्रम होत. शेकडो बैल आणि हजारो मजूर यांच्या बळावर ते एकदाच घडले. सामान्य मच्छीमाराला मात्र झोपडीपासून भरतीच्या रेषेपर्यंतचे शे-दोनशे पावलांचे अंतर रोज पहाटे ओलांडावे लागते, आणि त्याची नोंद सहसा कोणी केलेली नसते.

प्रस्तुत लेखात या अंतराचा विचार एका अगदी लहान वस्तूच्या निमित्ताने करावयाचा आहे. मासेमारीसाठी वापरल्या जाणाऱ्या आधुनिक कयाकला अलीकडे कायमची जोडलेली चाके बसविण्यात येतात. ती पाण्यात जाताना वर उचलली जातात व किनाऱ्याला लागताच खाली येतात. वरवर पाहता ही केवळ सोयीची युक्ती होय. परंतु कयाक मुळात एका माणसाला सहज उचलता यावी अशीच होडी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्न उभा राहतो, की जिला हात पुरत होते तिला चाक का लागले? या प्रश्नाचे उत्तर केवळ यंत्रविद्येत सापडत नाही. नौकेचे वजन आणि तिला उपलब्ध असलेले हात या दोहोंच्या बदलत्या नात्यात ते शोधावे लागते, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

कयाकची जन्मभूमी म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतालचा प्रदेश. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या इन्युइट व त्यांच्याशी संबंधित लोकांनी ती घडविली. पूर्वीच्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख ‘एस्किमो’ असा येतो. या प्रदेशात झाडे जवळजवळ नाहीत. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांचा सांगाडा करावयाचा, तो कातडी वाद्यांनी बांधावयाचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवावयाचे, ही तिची रचना. ग्रीनलंडमधील शिकारी कयाक सुमारे साडेपाच मीटर लांब असे. रुंदी मात्र जेमतेम अर्धा मीटर.

हा हलकेपणा योगायोगाने आलेला नव्हता. सीलच्या शोधात निघालेल्या शिकाऱ्याला एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जाण्यासाठी भूशिर ओलांडावे लागे. बर्फाच्या काठावर चढावे आणि पुन्हा उतरावे लागे. तेथे मदतीला दुसरा मनुष्य असेलच असे नाही. फ्रिट्यॉफ नान्सेन हा नॉर्वेजियन संशोधक १८८८ मध्ये ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर पोहोचला आणि तेथेच हिवाळा काढून कयाक चालविण्यास शिकला. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एस्किमो जीवनावरील आपल्या ग्रंथात त्याने या होडीचे तपशीलवार वर्णन केले आहे. शिकारी ती डोक्यावर घेऊन जमिनीवरून दूरवर नेऊ शके. म्हणजे कयाकचा आकार ठरविताना पाण्याच्या गरजेइतकाच जमिनीवरील वाहतुकीचाही विचार झालेला होता.

याचा आणखी एक पुरावा होडीच्या तळाशी मिळतो. अनेक ग्रीनलंडी कयाकांच्या टोकांना व तळाच्या मध्यरेषेवर हाडाच्या पट्ट्या बसविलेल्या असत. होडी बर्फावर घासली तर कातडे फाटू नये, हा त्यांचा हेतू. पाण्यात या पट्ट्यांचा उपयोग नाममात्र. नौकेच्या अंगाला कायमची जोडलेली पण जमिनीसाठी असलेली वस्तू या अर्थाने हाडाची ती पट्टी ही आजच्या चाकाची पूर्वज ठरते.

३

याहून जवळची पूर्वज अलास्काच्या बेरिंग समुद्रकिनारी आढळते. तेथील यूपिक लोक वसंत ऋतूत सीलच्या शिकारीस निघत, तेव्हा किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फाचा विस्तृत पट्टा ओलांडल्यावाचून मोकळे पाणी लागत नसे. यासाठी ते एक लहान व बुटकी घसरगाडी वापरीत. बर्फावरून जाताना कयाक या गाडीवर ठेवून ओढावयाची. पाणी लागले की तीच गाडी कयाकच्या मागील भागावर बांधून पुढे वल्हवीत जावयाचे. एडवर्ड विल्यम नेल्सन यांनी बेरिंग सामुद्रधुनीच्या परिसरातील लोकजीवनावर लिहिलेल्या व १८९९ मध्ये अमेरिकन मानववंशविद्या कार्यालयाच्या अहवालात प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात अशा घसरगाड्यांची नोंद आहे. आपली म्हण येथे अक्षरशः खरी होते. गाडीने नावेला वाहावे आणि नावेने गाडीला, असा हा परस्परांचा करार होता.

या कराराची किंमत काय असते, याचा अनुभव नान्सेन यांस पुढे आला. १४ मार्च १८९५ रोजी ‘फ्राम’ हे जहाज सोडून तो व यालमार योहान्सेन हे उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाले. त्यांच्यापाशी तीन घसरगाड्या, २८ कुत्री आणि दोन कयाक होत्या. कयाकांचा सांगाडा बांबूचा व आच्छादन कापडाचे होते. परतीच्या वाटेवर मोकळे पाणी लागणार हे ठाऊक असल्याने आरंभापासून कयाक गाड्यांवर बांधून न्याव्या लागल्या. उंचसखल बर्फात गाड्या कलंडत आणि कयाकच्या कापडाला भोके पडत. ज्या वाहनाने होडी पाण्यापर्यंत पोहोचवावयाची त्याच्यावरच्या प्रवासाने ती पाण्याला अयोग्य होऊ लागली. १८९५ च्या उन्हाळ्यात पुढे जाण्यापूर्वी त्यांना थांबून या होड्या दुरुस्त कराव्या लागल्या.

पाणी लागल्यावर भूमिका उलटल्या. कयाक एकमेकींना बांधून तयार केलेल्या जोडहोडीवर आता गाड्या व सर्व सामान लादण्यात आले. १२ जून १८९६ रोजी फ्रान्झ जोसेफ बेटांच्या परिसरात हे दोघे किनाऱ्याच्या बर्फावर उतरले असता बांधलेला दोर तुटला व जोडहोडी वाहून जाऊ लागली. अन्न, बंदुका, दारूगोळा सर्व तिच्यावर होते. नान्सेनने बर्फासारख्या थंड पाण्यात उडी घेतली व पोहत जाऊन ती गाठली. या घटनेत दोन माणसे होती. एकाने उडी घेतली आणि दुसरा किनाऱ्यावरून पाहत होता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

४

बर्फाच्या प्रदेशात चाकाला स्थान नव्हते. चाक आले ते वाळू व गोट्यांच्या किनाऱ्यावर, आणि तेही हलक्या होडीसाठी नव्हे तर अतिशय जड नौकेसाठी. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील जीवरक्षक नौकांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१७९० मध्ये साउथ शील्ड्स येथे हेन्री ग्रेटहेड याने बांधलेली तीस फुटी नौका पाण्यात आली आणि १८२४ मध्ये जीवरक्षक नौकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. जेथे बंदर नव्हते अशा उघड्या किनाऱ्यांवर या नौका मोठ्या चाकांच्या गाड्यांवर ठेवीत. नौकेचे पुढील टोक समुद्राकडे करून गाडी लाटांत ढकलावयाची आणि किनाऱ्यावरील माणसांनी दोर ओढून नौका एकदम पुढे सोडावयाची, अशी पद्धत होती. वाळूत चाके रुतत. म्हणून पुढे चाकांभोवती रुंद पट्ट्यांचे वेष्टन बसविण्याची युक्ती निघाली. रुंद पृष्ठभागावर भार विभागला की चाक कमी रुतते, हे तत्त्व आजच्या कयाकच्या फुगीर चाकांतही तेच आहे.

परंतु या गाडीने हातांची गरज संपविली नाही. तिने हात एकत्र आणले. १२ जानेवारी १८९९ रोजी डेव्हनच्या किनाऱ्यावर ‘फॉरेस्ट हॉल’ हे जहाज वादळात सापडले. लिनमथ येथील ‘लुइझा’ ही जीवरक्षक नौका लाटांच्या माऱ्यामुळे तेथून सोडणे अशक्य होते. तेव्हा सुमारे १३ मैलांवरील पोरलॉक वीअर येथे ती भूमार्गाने नेण्याचे ठरले. गाडीसह नौकेचे वजन सुमारे दहा टन होते. अठरा-वीस घोडे व शंभराच्या आसपास माणसे यांनी ती चौदाशे फुटांहून उंच चढावरून रात्रभर ओढली. वाटेत गाडीचे एक चाक निखळले. एका ठिकाणी रस्ता इतका अरुंद होता, की गाडी बाजूने माळावरून न्यावी लागली आणि नौका लाकडी फळ्यांवरून सरकवावी लागली. पहाटे नौका समुद्रात उतरली व संकटात सापडलेल्या जहाजापर्यंत पोहोचली. त्यावरील सर्वांचे प्राण वाचले. या घटनेत चाकाने साथ सोडली तेथे हातांनी काम पुरे केले.

केंट परगण्यातील डंजनेस येथे तर किनाऱ्यावरचे हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे होते. मच्छीमार कुटुंबांतील बायका उतरत्या गोट्यांच्या काठावर वंगण लावलेल्या लाकडी फळ्या अंथरीत आणि नौका ओढीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ही परंपरा टिकली. १९२० नंतर इंग्लंडमध्ये हे काम हळूहळू ट्रॅक्टरकडे गेले.

५

आता पुन्हा कयाककडे वळावयास हवे. युरोपीय हौशी लोकांच्या हाती आली तेव्हाच ती जड होऊ लागली. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश गृहस्थाने १८६५ मध्ये कयाक व कनू यांच्या धर्तीवर ‘रॉब रॉय’ ही होडी बांधवून युरोपातील नद्यांतून प्रवास केला. ही ओक लाकडाची होडी १५ फूट लांब व सुमारे ८० पौंड वजनाची होती. म्हणजे ती एकट्याने डोक्यावर नेण्यासारखी नव्हती. मॅकग्रेगर एकटाच वल्हवीत असला, तरी जमिनीवर मात्र त्याला भाड्याच्या गाड्या, आगगाडी आणि वाटेत भेटणारे गावकरी यांच्यावर अवलंबून राहावे लागले. त्याच्या एकांतप्रवासाचा वृत्तान्त हा म्हणूनच इतरांच्या हातांचाही वृत्तान्त आहे.

यानंतरचे मोठे स्थित्यंतर १९७० च्या दशकातील होय. पॉलिथिलिनची भुकटी तापविलेल्या फिरत्या साच्यात वितळवून संपूर्ण होडी एकसंध बनविण्याची रीत याच दशकात रूढ होऊ लागली. टिम नीमिअर या कॅलिफोर्नियातील रचनाकाराने याच सुमारास, माणसाने आत न शिरता वर बसावयाचे, अशी कयाक प्रचारात आणली. तिच्या बैठकीवर आलेले पाणी आरपार भोकांतून आपोआप खाली निघून जाते. पुढे मासेमारीसाठी तिची रुंदी वाढली. उभे राहून गळ टाकता यावा इतकी ती स्थिर झाली. खुर्ची, गळांच्या खुंट्या, मासळीची पेटी आणि पायांनी चालवावयाची यंत्रणा यांची भर पडली. परिणामी अशा कयाकचे वजन साधारणतः तीस किलोंपासून साठ किलोंपर्यंत गेले, आणि तेही सामानाशिवाय. उचलता येणे हा ज्या होडीचा मूळ गुण होता तो अशा रीतीने नाहीसा झाला. होडी जड झाली, पण माणूस एकटाच राहिला.

येथे चाक अपरिहार्य होते. त्याचे आजचे प्रकार मुख्यतः तीन. पहिल्यात दोन चाकांची सुटी गाडी पट्ट्याने होडीखाली बांधतात. दुसऱ्यात गाडीचे उभे दांडे पाणी निघून जाण्याच्या भोकांत खालून खोवतात. तिसऱ्यात चाके होडीच्या मागील टोकालाच कायमची बसविलेली असतात.

यांतील भेद साध्या यांत्रिक हिशेबाने स्पष्ट होतो. चाळीस किलोंची समभार होडी घेतली आणि चाकांची आस तिच्या मधोमध ठेवली, तर पुढील टोक धरणाऱ्या हातावर जवळजवळ भार येत नाही. आस मागील टोकापासून एक चतुर्थांश लांबीवर असली तर हातावर सुमारे तेरा किलो येतात. ती अगदी मागील टोकाला असली तर वीस किलो. म्हणजे भार वाहण्याच्या दृष्टीने कायमची मागे जोडलेली चाके ही तिन्हींत सर्वांत गैरसोयीची. शिवाय ती बसविण्यासाठी होडीला भोके पाडावी लागतात. पॉलिथिलिनला डिंक नीट धरत नाही. त्यामुळे बोल्ट आरपार घालून आतून पट्टीचा आधार द्यावा लागतो आणि प्रत्येक भोक पाण्याविरुद्ध बंद करावे लागते. खारे पाणी व वाळू यांमुळे पोलादी गोळ्यांचे धारवे गंजतात. चाके पाण्यात राहिली तर ती गतीला अडथळा करतात. म्हणून दांडा फिरवून ती वर घेण्याची सोय करावी लागते. इतके तोटे असूनही हा प्रकार का पत्करला जातो?

याचे उत्तर सुट्या गाडीच्या अडचणीत आहे. होडी पाण्यात लोटल्यावर गाडी कोठे ठेवावयाची? ती वाळूवर सोडली तर भरतीने किंवा चोराने नेण्याचे भय. परत किनाऱ्यावर ठेवावयास जावे तर तोवर होडी लाटांत कोणी धरावयाची? यूपिक शिकाऱ्याप्रमाणे ती होडीवर चढवावी तर मासळीची जागा अडते. या प्रश्नांचे जुने उत्तर एकच होते, ते म्हणजे दुसरा मनुष्य. गाडी सांभाळणारा, होडी धरणारा, परतताना दोर झेलणारा तो मनुष्य आज किनाऱ्यावर नाही. म्हणून चाक होडीला जोडावे लागले. कायम जोडलेले चाक भारापेक्षा अधिक या अनुपस्थितीचे द्योतक आहे.

आणि येथे जुनी किंमतही पुन्हा द्यावी लागते. भोकांत खोवलेल्या दांड्यांवर सामानासह भरलेली होडी खडबडीत जमिनीवरून ओढली असता भोकांच्या कडांना तडे जातात. चाके बसविण्यासाठी पाडलेले भोक सैल झाले तरी परिणाम तोच. पाणी वरच्या बैठकीच्या व तळाच्या मधील पोकळीत शिरते, आणि वर बसलेल्या माणसाला ते दिसत नाही. होडी सुस्त वाटू लागते तेव्हा किनारा दूर राहिलेला असतो. नान्सेनच्या कापडाला पडलेली भोके निदान बर्फावरच दिसत होती.

६

आतापर्यंतच्या विवेचनातून एक साधी मांडणी हाती येते. होडी हलकी व माणूस एक, तेव्हा खांदा किंवा डोके पुरले. बर्फाचा पल्ला लांब झाला तेव्हा घसरगाडी आली. नौका जड व माणसे पुष्कळ, तेव्हा चाकाची गाडी हातांच्या मदतीला आली. होडी जड आणि माणूस एक, ही स्थिती मात्र नवी आहे. आणि तिच्यातून जोडलेले चाक निपजले. म्हणून या चाकाकडे केवळ प्रगतीची पायरी म्हणून पाहणे अपुरे ठरते. ते किनाऱ्यावरील समाजरचनेतील बदलाचे साधन आहे. इतिहासकाराच्या अर्थाने, पुराव्याचे साधन.

आपल्या कोकण-गोमंतकाच्या किनाऱ्यावर हा बदल वेगळ्या वाटेने आला. रापणीत होडी जाळे घेऊन अर्धवर्तुळात फिरते आणि जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरील माणसे ओढतात. उलांडीची होडी ओंडक्यांवरून वर घेणे हेही अनेकांचे काम, आणि ओढणाऱ्या हाताला मासळीचा वाटा. यांत्रिक नौकांना मात्र धक्का लागतो, पुळण लागत नाही. १९७० च्या दशकात गोव्यातील रापणकारांनी त्यांच्याविरुद्ध जे आंदोलन उभारले, ते मुख्यतः मासळीच्या हक्कासाठी होते हे खरे. परंतु किनाऱ्यावरच्या हातांचे महत्त्व संपुष्टात येणे ही त्यामागची एक वस्तुस्थिती होती. कॅलिफोर्नियाच्या हौशी मच्छीमाराने आणि आपल्या रापणकाराने गमावलेली गोष्ट एकच नव्हे. एकाला हात नको होते, दुसऱ्याचे हात नकोसे झाले. तुलना करताना हा भेद पुसता कामा नये.

या चाकाची दुसरी बाजूही न्यायाने सांगावयास हवी. हातांची मदत ही नेहमीच निर्व्याज नव्हती. ज्याला मदत मागावी लागे त्याला वाटा द्यावा लागे, वेळ इतरांच्या सोयीने ठरवावी लागे, आणि ज्याचे गावाशी पटत नसे त्याची होडी वाळूवरच राहत असे. म्हाताऱ्या माणसाला, अधू पायाच्या मनुष्याला किंवा एकट्या स्त्रीला आज कोणाची याचना न करता समुद्रात जाता येते, हे त्या दोन चाकांचे श्रेय होय. ते लहान नाही.

परंतु किनाऱ्यावरचे हात आणखी एक काम करीत असत आणि ते कोणाच्याही हिशेबात लिहिले जात नसे. ज्याने होडी लोटली त्याला ती गेल्याचे ठाऊक असे. संध्याकाळी ती परतली नाही तर प्रथम त्याचीच नजर पाण्याकडे जाई. डंजनेसच्या बायका फळ्या अंथरीत तेव्हा त्या साक्षीदारही होत्या. योहान्सेन बर्फाच्या काठावर उभा होता तोही साक्षीदारच. आज कयाकवरून एकट्याने जाणाऱ्यास, आपण कोठे जातो व केव्हा परतू हे कोणास तरी सांगून जावे, असा सल्ला आवर्जून दिला जातो. जी गोष्ट पूर्वी होडी ओढण्याच्या ओघातच साधत होती ती आता उपदेश म्हणून वेगळी सांगावी लागते. चाकाने हातांचे ओझे घेतले. त्या हातांमागचे डोळे मात्र त्याला घेता आले नाहीत.

आपल्या वस्तुसंग्रहालयांतून नौका मांडल्या जातात त्या शिडे, वल्ही व सुकाणू यांसह. त्यांच्याजवळ ओंडके, वंगणाच्या फळ्या व घसरगाड्या क्वचितच असतात. किनाऱ्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने नौकेच्या तळाकडे, तेथील ओरखड्यांकडे व जोडांकडे अधिक लक्ष द्यावे, एवढीच या लेखाची विनंती आहे. नौका किती दूर गेली हे शिडावरून कळते. ती जाताना किनाऱ्यावर कोण उभे होते, हे तळावरून.